नीट पुन्हा द्यावी की एमबीबीएसला परदेशी जावं?

नीटचा निकाल लागला की आठवड्याभरात घरी दोन फोन येतात. पहिला मामाचा किंवा आत्याचा, "किती पडले?" दुसरा कुठल्यातरी कन्सल्टन्सीचा. त्या माणसाला किती पडले ते आधीच माहीत असतं. कसं, ते विचारू नका.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. जून-जुलैत आमच्या स्टाफरूममध्ये पालक येऊन बसतात. हातात मार्कांचा कागद असतो आणि कन्सल्टन्सीचं रंगीत पत्रकही. प्रश्न ठरलेला असतो: "सर, रिपीट केलं तर वर्ष वाया नाही का जाणार?"

या वाया जाणाऱ्या वर्षापासूनच सुरुवात करू, कारण परदेशाचा निम्मा निर्णय त्याच्या भीतीनं होतो.

रिपीट करून इथं प्रवेश मिळाला, तर एक वर्ष तयारीचं, साडेचार वर्षं अभ्यासक्रमाची आणि एक इंटर्नशिपचं. साडेसहा वर्षांत मूल डॉक्टर. आता परदेशाचा हिशोब मांडा. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने १८ नोव्हेंबर २०२१ ला काढलेल्या नियमांप्रमाणे तिथला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, आणि परत आल्यावर भारतात आणखी १२ महिन्यांची इंटर्नशिप. मधे एफएमजीई, म्हणजे परदेशी पदवी घेऊन आलेल्यांना भारतात डॉक्टर म्हणून नोंदणीसाठी द्यावी लागणारी परीक्षा. बहुतेक देशांत शिक्षणच सहा वर्षांचं होतं. सहा अधिक एक, म्हणजे सात. पहिल्याच फटक्यात एफएमजीई निघाली तरी परीक्षा, निकाल, नोंदणी आणि इंटर्नशिपची जागा मिळेपर्यंतचे महिने वेगळेच. साडेसातच्या आत क्वचितच कुणाचं उरकतं. म्हणजे वर्ष वाचवायला गेलेलं मूल रिपीट केलेल्या मुलापेक्षा उशिरा डॉक्टर होतं. हे पत्रकावर कुठंच छापलेलं नसतं.

दुसरी गोष्टही तिथं नसते. परदेशी जायलाही नीट पास व्हावीच लागते, पण नुसती पास. रँक कुणी विचारत नाही. आणि परदेशी प्रवेशासाठी तो निकाल तीन वर्षं चालतो. म्हणजे यंदा पास झालेल्या मुलानं एक वर्ष रिपीट केलं आणि मार्क वाढले नाहीत, तरी पुढच्या वर्षी याच निकालावर त्याला जाता येतं. उलट मात्र होत नाही. दुसऱ्या वर्षाला असताना "इथं जमत नाही, पुण्यात बदली द्या" असं कुणी म्हणू शकत नाही. परत यायचं तर पुन्हा नीट, पुन्हा पहिलं वर्ष. तेव्हा एका रिपीटनं परदेशाची वाट बंद होत नाही, हे आधी घरच्यांनी नीट समजून घ्यावं. मग बाकीचं बोलू.

सगळ्यांनी रिपीट करावं, असं मात्र मी म्हणणार नाही. मी मार्क किती ते पाहतोच, पण कुठे गेले ते आधी पाहतो. पेपर ७२० चा, प्रश्न १८०, आणि २०२५ पासून वेळही १८० मिनिटं. एका मुलाला ३२० पडले. उत्तरपत्रिका काढून बसलो तर त्यानं १८० च्या १८० प्रश्न सोडवलेले, १०० बरोबर, ८० चूक. चारशे मिळवले आणि ऐंशी स्वतःच्या हातानं कापून घेतले. यातले तीस अंदाजपंचे प्रश्न सोडले असते तरी ३५० झाले असते, एक अक्षर जास्त न वाचता. अशा मुलाला मी बिनदिक्कत रिपीट सांगतो. ज्याचं जीवशास्त्र ३६० पैकी तीनशेच्या घरात आहे आणि फिजिक्सनं घात केलाय, त्यालाही सांगतो. फिजिक्स वर्षभरात उभं राहू शकतं.

पण जीवशास्त्रच दीडशेवर अडलंय, बारावीत वर्षभर क्लास लावून, पुस्तकं गिरवून अडलंय, तिथं पुन्हा तोच क्लास लावून काय होणार? आणि दुसऱ्यांदा रिपीट केलेल्याचे मार्क वीस-तीसनंच हलले असतील, तर तिसऱ्याची भाषा आई-वडलांनी काढू नये. नीटला वयाची वरची अट नाही, किती वेळा द्यावी याचीही नाही. ती नाही म्हणून आपण घालू नये असं थोडंच आहे.

मार्कांची तुलना करताना मागच्या वर्षीचा कट-ऑफ डोळे झाकून धरू नका. २०२४ ला आपल्याकडे खुल्या प्रवर्गाला सरकारी कॉलेज सहाशेच्या बरंच पुढं गेलं होतं. २०२५ चा पेपर, विशेषतः फिजिक्स, इतका कठीण होता की तोच कट-ऑफ पाचशेच्या आसपास आला. आदल्या वर्षी ५३० वाला रडत होता, दुसऱ्या वर्षी ५३० वाल्यानं पेढे वाटले. बघायची ती रँक, त्यातही राज्याच्या यादीतली, आपल्या प्रवर्गातली.

इथं एक राग सांगून टाकतो. दरवर्षी असे दोन-तीन पालक भेटतात ज्यांनी सीईटी सेलची, म्हणजे राज्यातले प्रवेश करणाऱ्या कक्षाची, राज्य फेरीची नोंदणीच केलेली नसते. दिल्लीहून भरल्या जाणाऱ्या अखिल भारतीय पंधरा टक्के कोट्यात नाव आलं नाही म्हणून सगळं संपलं असं समजून तिकीट काढून बसतात. सरकारी कॉलेजच्या ८५ टक्के जागा राज्याच्या असतात, त्यांचा अर्ज वेगळा. फीचंही तेच. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना २०२४-२५ पासून राज्यात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोटा आणि अभिमत (डीम्ड) विद्यापीठं त्यात येत नाहीत. मुलीला खासगी कॉलेज मिळत असताना फीच्या धाकानं ताश्कंदला पाठवणारा बाप मी पाहिलाय. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आता पैसा. सरकारी कॉलेजची फी वर्षाला लाख-दीड लाखाच्या घरात. नंतर एक वर्षाची बंधपत्रित सेवा, ती टाळली तर १० लाख दंड. अभिमत विद्यापीठात वर्षाला वीस-पंचवीस लाख, म्हणजे सगळं मिळून कोटीच्या पुढं. या दोन टोकांमधल्या पोकळीत परदेश बसतो. किर्गिझस्तान, उझबेकिस्तान स्वस्त, रशिया मध्यम, जॉर्जिया आणि बांगलादेश महाग. राहणं-खाणं धरून साधारण पंचवीस ते पन्नास लाख. हा आकडा खोटा नाही, फक्त अपुरा असतो. विमानाची तिकिटं, व्हिसाचं नूतनीकरण, विमा, एफएमजीईचा क्लास, इंटर्नशिपच्या काळातला घरखर्च यातलं काही त्यात नसतं. शिवाय फी बहुधा डॉलरमध्ये. २०२२ च्या सुरुवातीला डॉलर ७५ रुपयांच्या आसपास होता, २०२४ च्या अखेरीस त्यानं ८५ ओलांडला. सहा वर्षांच्या हिशोबात ही वाढ आपल्या खिशातून जाते.

त्या मानानं रिपीटचं वर्ष स्वस्त. लातूरला क्लास, खोली आणि मेस मिळून दीड-दोन लाख, कधी थोडे जास्त. पण त्याचीही किंमत असते, ती पैशात मोजता येत नाही. बरोबरीची मुलं कॉलेजला गेलेली, स्टेटसला अ‍ॅप्रनचे फोटो, आणि आपण त्याच पलंगावर तेच पुस्तक घेऊन. जुलै-ऑगस्ट उत्साहात जातात. दिवाळीला घरी गेलेलं मूल परत यायला कुरकुरतं, जानेवारीत टेस्टचे मार्क घसरतात. मे पर्यंत टिकतो तो हुशारच असतो असं नाही, ठरावीक वेळेला झोपणारा आणि रोज घरी फोन करणारा असतो. रिपीट करायचंय का, हे मुलाला एकट्याला विचारा. बापासमोर सगळेच हो म्हणतात.

परदेशातलं एकटेपण वेगळं. रशियात कझानला हिवाळ्यात दुपारी चारच्या आत अंधार पडतो. मेतकूट आणि ठेचा पहिल्या दोन महिन्यांत संपतो. त्याची सवय होते. सवय न होणारी अडचण वॉर्डात येते. शिकवणं इंग्रजीत असतं, पण रुग्ण रशियन, किर्गिझ, जॉर्जियन बोलतो. पहिली दोन वर्षं भाषा टाळणारं मूल तिसऱ्या वर्षी खाटेशेजारी नुसतं उभं राहतं. पोट कुठं दुखतंय हे विचारता येत नाही, तो डॉक्टर वर्गातच घडतो आणि वर्गातच राहतो. या बाबतीत नेपाळ आपल्याला जवळचं: पाट्या देवनागरीत, बोलणं सहा महिन्यांत अंगवळणी. तिथं वेगळी प्रवेश परीक्षा असते आणि फीही कमी नाही. बांगलादेशातला अभ्यासक्रम आणि तिथले आजार आपल्यासारखेच, म्हणून तिथून आलेली मुलं इथं लवकर रुळतात.

आणि अस्थिरता. २०२२ मध्ये युक्रेनमधून हजारो मुलं अर्ध्या शिक्षणावर परतली. मे २०२४ मध्ये किर्गिझस्तानात बिश्केकला परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमाव चालून गेला. त्याच वर्षी जुलैत बांगलादेशातून मुलं बॅगा घेऊन आली. जून २०२५ मध्ये इराणमधून. दरवेळी "तिथं काही होत नाही" असं सांगणारा माणूस फोन उचलत नव्हता.

एवढं सगळं पार करून एफएमजीई. तीनशे प्रश्न, पास व्हायला दीडशे बरोबर, चुकीला मार्क कापत नाहीत. वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर, हवी तेवढ्या वेळा. ऐकायला सोपं वाटतं. पण पाच जणांत साधारण एक पास होतो, एखाद्या खेपेला थोडे जास्त. जून २०२५ मध्ये ३६ हजारांवर बसले, ६,७०७ पास झाले. नीटमध्ये मूल सतराचं असतं. इथं ते पंचविशीत असतं, घरावर कर्ज असतं आणि गावात बोर्ड लावायची जागा वडलांनी बघून ठेवलेली असते.

तरीही जाणाऱ्यांना मी अडवत नाही. माझी एक विद्यार्थिनी दोनदा नीट देऊन रशियाला गेली. पहिल्या वर्षापासून रशियन शिकली, दुसऱ्या वर्षापासून सुट्टीत एफएमजीईचे प्रश्न सोडवत राहिली, पहिल्या खेपेला पास झाली. आज ग्रामीण रुग्णालयात आहे. तिच्या वडलांनी आधी पैसे साठवले होते, शेत विकलं नव्हतं. शेत विकून किंवा घर तारण ठेवून पाठवायचं असेल तर मी सरळ नको म्हणतो. पाचातल्या चारांत आपलं मूल निघालं तर परतफेड कशातून होणार? त्यापेक्षा बीएएमएस, फिजिओथेरपी, नर्सिंग यांची नावं काढली की पालकांचा चेहरा पडतो, पण ती इथली, पोट भरणारी शिक्षणं आहेत.

माझं मत असं: पास आहात, पहिलाच प्रयत्न होता आणि मार्क कुठे गेले ते दिसतंय, तर एकदा रिपीट करा. दोन प्रयत्न झालेत, मार्क हलत नाहीत, पैसे कर्जाशिवाय उभे आहेत आणि मुलाला स्वतःला जायचंय, तर जा.

जाणार असाल तर कन्सल्टन्सीच्या माणसाकडून लेखी मागा. ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम आणि त्यावर त्याच विद्यापीठात वेगळी १२ महिन्यांची इंटर्नशिप आहे का. त्या पदवीवर त्या देशात तिथल्या नागरिकांसारखाच परवाना मिळतो का. शिकवण्याची भाषा शेवटपर्यंत इंग्रजीच आहे का. आणि त्याच विद्यापीठातली गेल्या तीन वर्षांत एफएमजीई पास झालेली दोन मुलं, त्यांचे नंबर. तो म्हणेल, "सर, आमच्यावर विश्वास नाही का?" तेव्हा त्यानं मागवलेला चहा संपवायचा आणि उठायचं.