पावडरीचा वास येणारा तंबू

दादर स्टेशनच्या पुलावर, संध्याकाळी पावणेसातला, मी साडेआठ हजार रुपये देऊन एक तंबू घेतला आणि तिथे तो उघडून पाहिला नाही. त्या गर्दीत उघडणं शक्यच नव्हतं. विकणाऱ्याने ती जागा आणि ती वेळ नेमकी त्याचसाठी निवडली होती, हे मला तीन आठवड्यांनी कुमशेतला रात्री दोन वाजता भिजताना कळलं. तोच माणूस अजून तंबू विकतोय, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

मी आणि माझी धाकटी बहीण, दोघींनीच रतनगड ते हरिश्चंद्रगड करायचं ठरवलं होतं. रतनवाडीहून निघून कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि मग गड. सगळं सामान आपल्याच पाठीवर. आमचा जुना तंबू साडेतीन किलोचा, शिवाय फायबरच्या पोलचा. तीन दिवस तो वागवायची तयारी नव्हती. दुकानांत दोन किलोच्या आतले तंबू पाहिले, तर किमती वीस हजारांच्या पुढे. अशात एका ट्रेकिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात आली: इम्पोर्टेड, दोन जणांचा, डबल लेयर, १.८ किलो, ॲल्युमिनियमचे पोल, फ्लाय (पाऊस अडवणारं बाहेरचं आवरण) ३००० मिमी, एकदाच वापरलेला.

मी लगेच भुलले असं नाही. फोन करून नीट विचारलं. ३००० मिमी म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब कापड सोसतं, मगच गळायला लागतं, हे त्याने न अडखळता सांगितलं. पोल ७००१ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आहेत म्हणाला. १.८ किलो हे खुंट्या आणि पिशवीसकट वजन आहे, हेही आपणहून सांगितलं. बरेच विक्रेते खुंट्या, दोऱ्या, पिशवी वगळून वजन सांगतात, म्हणून त्या वाक्यावर माझा विश्वास बसला. माणूस जाणकार आहे म्हणजे सच्चा आहे, असं मी धरून चालले. "ताई, घरात ठेवायला जागा नाही, नाहीतर विकलाच नसता," असं तो म्हणाला. मुंबईत हे कोणालाही पटतं.

पुलावर तो वेळेवर आला. बॅगा तोलायचा हातातला काटा मी सोबत नेला होता. काट्यावर १.८२ आलं आणि माझं समाधान झालं. खरं तर त्या काट्यानेच माझा घात केला. वजन खरंच तेवढं होतं, कारण तंबू खरंच जाहिरातीतल्यासारखा इम्पोर्टेड होता. फक्त तो किती जुना आहे आणि त्याची काय अवस्था झालीय, हे काटा सांगत नाही. मी पिशवीचं तोंड सैल करून आत डोकावले, तर पावडरीचा मंद वास आला, तान्ह्या बाळाच्या दुपट्याला येतो तसा. मला वाटलं, माणसाने किती जपून ठेवलाय. तेवढ्यात तो घड्याळ बघून म्हणाला, "सात वाजता दुसरं गिऱ्हाईक येतंय, पण तुम्ही आधी विचारलंत म्हणून तुम्हाला." मी क्यूआर स्कॅन केला. नाव भलत्याच बाईचं आलं. "वहिनीचं खातं आहे, ताई." मी पैसे पाठवले.

घरी आमचा हॉल दहा बाय बारा. त्यात दिवाण आणि कपाट. आतला जाळीचा तंबू कसाबसा अर्धा उभा राहिला, फ्लाय पसरायला जागाच उरली नाही. गच्चीला कुलूप, किल्ली सेक्रेटरींकडे. रविवारी बघू म्हटलं आणि तो रविवार गेला.

नोव्हेंबरच्या शेवटी निघालो. पहाटेची कसारा लोकल, पुढे घोटी, शेंडी करत रतनवाडी. पहिली रात्र कोरडी होती, नुसतं दव. सकाळी फ्लाय घडी करताना बहिणीच्या हाताला पांढरं काही लागलं आणि कापडाचे पदर एकमेकांना चिकटत होते. दव असेल म्हणून आम्ही तशीच गुंडाळी केली.

दुसऱ्या रात्री कुमशेतला गावाबाहेरच्या माळावर तंबू लावला. दोनच्या सुमारास अवकाळी पाऊस आला. पाचेक मिनिटांत शिवणींवरच्या पट्ट्या सुटून आत लोंबायला लागल्या आणि प्रत्येक शिवणीतून धार. मग कापडच झिरपायला लागलं. "ताई, माझी स्लीपिंग बॅग गेली," बहीण म्हणाली. त्या क्षणी पुलावरच्या त्या 'ताई'ची मला शिसारी आली. वाऱ्याच्या एका झोतासरशी पोल मोडला. मी तो पकडायला गेले तर तळहातात कुसळं घुसली. ॲल्युमिनियम वाकतं, चिरतं, पण त्याची कुसळं होत नाहीत. त्या पोलचे तीन तुकडे फायबरचे होते, वरून करडा रंग मारलेला.

गावातली कुत्री भुंकायला लागली म्हणून एक मावशी कंदील घेऊन दारात आल्या. "पोरींनो, तिथं काय मरताय, पडवीत या." त्यांनी चूल पेटवली, कोरडी गोधडी दिली, सकाळी नाचणीची भाकरी खाऊ घातली. पैसे घेतले नाहीत. ती रात्र गावाजवळ होती म्हणून निभावलं. हेच वर खिंडीत झालं असतं तर बहिणीचं काय झालं असतं, हा विचार अजून माझी झोप उडवतो. ट्रेक तिथेच सोडून आम्ही राजूरमार्गे परतलो.

घरी फ्लाय दोरीवर पसरली आणि उजेडात पाहिली. आतल्या बाजूचा पॉलीयुरेथेनचा थर चिकट झाला होता, नखाने खरवडला की पापुद्रे सुटत होते. हा थर दमट हवेत, उष्णतेत, ओला तंबू पिशवीत कोंबून ठेवला की हळूहळू विघटित होतो. आधी चिकटपणा येतो, मग आंबूस, ओकारीसारखा वास, मग पापुद्रे. मुंबईत पावसाळ्यात माळ्यावर टाकलेल्या तंबूचं हे बऱ्याचदा होतं, आणि तो थर गेला की ३००० मिमीचा आकडा फक्त लेबलावर उरतो. टाल्कम पावडर भुरभुरली की चिकटपणा काही दिवस लपतो आणि वासही. कुणा अनाडी माणसाचं हे काम नव्हे. पुलावर आलेला तो वास म्हणजे पुरावाच होता आणि मी त्याला निगा समजले.

त्याने मला ब्लॉक केलं होतं. ॲडमिनने त्याला ग्रुपमधून काढलं. मी १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर फोन केला, पोर्टलवर तक्रार केली, पोचक्रमांक मिळाला. पण १९३० खरा उपयोगी पडतो तो पैसे गेल्याच्या पहिल्या काही तासांत, रक्कम पुढच्या खात्यांत जाण्याआधी. मी तीन आठवड्यांनी फोन करत होते. माझे पैसे आजतागायत आलेले नाहीत. बिल घेऊन दुकानातून किंवा ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतलं असतं तर हातात काहीतरी असतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याला ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यावा लागतो, शिवाय १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. पुलावरच्या माणसाचं मी काय दाखवणार? वहिनीचं नाव?

आता घेताना मी काय बघते ते सांगते. फ्लायची आतली बाजू उजेडात धरून अंगठा घासते. कापड कापडावर दाबून सोडलं की सहज सुटलं पाहिजे. प्रत्येक शिवणीवरच्या पट्टीचं टोक नखाने उचलून बघते. पोल पूर्ण जोडते आणि सांध्याजवळ, आतल्या बाजूला जिथे रंग पोचत नाही, तिथे धातू दिसतो का बघते. आतली इलॅस्टिकची दोरी ढिली असेल तर 'एकदाच वापरला' ही थाप आहे. रुंदी मोजते. नेहमीची मॅट साधारण ५१ सेंटीमीटर, म्हणजे १२० सेंटीमीटरच्या तंबूत दोघांच्या मॅट बसतात, पण भिंतीला अंग लागतं आणि तिथला दमटपणा थेट स्लीपिंग बॅगेत येतो. १३० तरी हवेत. आणि खुंट्यांशिवाय स्वतःच्या पोलवर उभा राहणारा तंबू घ्या. आपल्या सह्याद्रीत पठारावर कातळ लागला की खुंटी शिरतच नाही, मग वजन कितीही कमी असलं तरी काय कामाचं. पाठीवर दोनशे ग्रॅम जास्त आले तर येऊ देत.

पण हे सगळं तंबू उभा केल्यावरच कळतं. गुंडाळलेल्या तंबूचं कुणी काहीही सांगू शकतो.

महिन्याभरापूर्वी त्याच्या जाहिरातीतला तोच फोटो, तेच हिरवं कुरण आणि मागचा बर्फाचा डोंगर, दुसऱ्या एका ग्रुपवर दिसला. नाव वेगळं, किंमत ७,९००. एका मुलीने 'मी घेते' असं लिहिलं होतं. मी तिला मेसेज करून सगळं सांगितलं. तिला आधी खरं वाटेना, मग म्हणाली, "ताई, तुम्ही याल का सोबत?" आम्ही त्याला कळवलं की पुलावर नको, शिवाजी पार्कवर या, उजेड असताना साडेचारला, तंबू उभा करून बघू आणि लगेच पैसे देऊ. तो हो म्हणाला. आम्ही कट्ट्यावर साडेसहापर्यंत बसलो. सात वाजता तिच्या फोनवर मेसेज आला: दुसऱ्या गिऱ्हाईकाने नेला.