'अमर्यादित' होस्टिंग: आठ महिन्यांनंतर

गेल्या महिन्यात एका शनिवारी रात्री साडेदहाला होस्टिंगवाल्यांचा, म्हणजे वेबसाइटला जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीचा, मेल आला: जागेचं फायलींचं गोदाम केल्यामुळे तुमचं खातं तूर्त बंद केलंय, सात दिवसांत फायली हलवा. तीन वर्षांचे ४,९५६ रुपये (१८ टक्के जीएसटीसकट) एकदम भरून बसलेला माणूस मी, झोप कसली लागतेय. कंपनीचं नाव घेत नाही. 'अमर्यादित'वाल्या बऱ्याच प्लॅनांच्या अटी एकाच वळणाच्या असतात, हे आता वाचून झालंय.

माझा माल म्हणजे आवाज. साताऱ्याजवळ यवतेश्वरच्या वरच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, पावसाळ्यात रात्रभर रेकॉर्डर लावून ठेवतो, बेडकांसाठी. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो वेव फाइल तासाला साधारण ३४६ एमबी होते. दहा तासांची एक रात्र साडेतीन जीबी, आणि २२ रात्री म्हणजे ७६ जीबी. हे दुसऱ्या कॉलेजांतल्या पोरांना देता यावं म्हणून होस्टिंग घेतलं. चढवायलाच चार दिवस गेले, कारण साताऱ्यात पाऊस आणि लाईट एकत्र नांदत नाहीत.

सुरुवातीचा खरा राग मात्र जागेवर नव्हताच, डाउनलोडवर होता. कराडची एक विद्यार्थिनी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून एक रात्र उतरवत होती. ३.१ जीबीला नेट तुटलं आणि पुन्हा शून्यापासून सुरू. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिने फोन केला, "सर, पेनड्राइव्हच घेऊन येते, पोवई नाक्यावर भेटता का?" डेटा ऑनलाइन ठेवून पेनड्राइव्ह द्यायला नाक्यावर जायचं, मग पैसे कशाचे भरले? कंपनीच्या चॅटवाल्याशी मी तीन आठवडे भांडलो. तो दर वेळी "सर, कॅशे क्लिअर करून बघा" म्हणायचा आणि मी दर वेळी जरा जास्त मोठ्या अक्षरांत लिहायचो.

दिवाळीत भाचा आला. त्याने फाइलची थेट लिंक कर्ल या कमांडने तपासली. उत्तरात 'अ‍ॅक्सेप्ट-रेंजेस: बाइट्स' ही ओळ होती. म्हणजे तुटलं तिथून पुढे मागायची सोय सर्व्हरवर होतीच. मग माझ्या पानावरची लिंक तपासली. ती ओळ गायब. "मामा, हे मधे काय बसवलंय?"

मधे माझा काउंटर होता. किती जणांनी उतरवलं ते मोजायला मीच कुठूनतरी उचललेली पीएचपीची दहा ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे सर्व्हरवर चालणारा छोटा प्रोग्राम. ती फाइल सरळ ओतायची. 'अमुक बाइटपासून पुढे दे' हे तिला कळतच नव्हतं. काउंटरवरचा आकडा १४१, त्यातले निम्मे बहुतेक त्या एकट्या पोरीचे प्रयत्न. काउंटर काढला, आणि तुटलेलं डाउनलोड 'डब्ल्यूगेट -सी' ही अर्धवट फाइल पुढे उतरवणारी कमांड दिल्यावर निमूट पुढे सरकलं. चॅटवाल्याची माफी मागायला हवी होती. मागितली नाही. कॅशेचा मुद्दा चुकीचा होताच की.

म्हणून गेल्या महिन्याच्या मेलवर भांडताना आवाज जरा खाली होता. अट स्पष्ट आहे: जागा वेबसाइटसाठी, फायलींचं गोदाम म्हणून नाही. एकाच सर्व्हरवर शेकडो गिऱ्हाइकं, त्यात माझे ७६ जीबी बेडूक. नियम मला पटतो. तो 'अमर्यादित' शब्द मात्र अजूनही पटत नाही.

आता सगळं झेनोडो या संशोधनाचा डेटा ठेवायच्या साइटवर आहे. युरोपातली सर्न ही संस्था ते चालवते, २०१३ पासून, आणि पैसे लागत नाहीत. एका नोंदीला ५० जीबी आणि १०० फायली ही मर्यादा. मर्यादा आकड्यात लिहिलेली बघूनच बरं वाटलं. वेवचं फ्लॅक केलं, म्हणजे फाइल आवळून लहान केली. आवाजाची प्रत जराही घटत नाही, पण पावसाची सरसर फारशी आवळली जात नाही, त्यामुळे ७६ चे जेमतेम ४७ झाले. तासाची एक याप्रमाणे २२० फायली झाल्या, म्हणून रात्रीगणिक एक झिप. सोबत शा-२५६ ची, म्हणजे प्रत्येक फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या खुणेच्या आकड्यांची यादी, त्यामुळे उतरवलेली फाइल धड आहे की नाही हे ज्याचं त्याला तपासता येतं. नोंदीला डीओआय हा कायमचा ओळखक्रमांक मिळतो. जाच एकच: प्रसिद्ध केल्यावर फायली सहज बदलत नाहीत, नवी आवृत्ती काढावी लागते. एका झिपच्या नावात मी 'यवतेश्वर'मधला 'ते' खाल्लाय. तसाच राहू दिलाय.

चालू हंगामाच्या कच्च्या फायलींसाठी क्लाउडफ्लेअर कंपनीची आर-टू ही ऑनलाइन साठवणीची सेवा बघतोय. साठवणीचे दर सगळेच मोठ्या अक्षरांत दाखवतात, पण बऱ्याच ठिकाणी बिल फुगतं ते बाहेर जाणाऱ्या डेटाचं. इथे त्याचं शुल्क नाही. पहिले १० जीबी फुकट, पुढे जीबीला महिना दीड सेंट. म्हणजे ७६ जीबीला महिन्याला डॉलरभर. कार्ड द्यावं लागतं, तिथे अडलोय.

जुनं खातं फायली हलवल्यावर पुन्हा सुरू झालं. तिथे आता एकच पान आहे, झेनोडोच्या लिंकचं. अजून अठ्ठावीस महिने ते तसंच राहील, पैसे भरलेत.