काशाच्या नावाखाली पितळ

जुन्या भांड्यांची हौस असलेल्यांसाठी हे मुद्दाम लिहितेय. 'वाड्यातलं काशाचं वाडगं' म्हणून साधं पितळ गळ्यात मारणारे लोक मुंबईत आहेत. माझ्या गळ्यात ते ४,५०० रुपयांना मारलं. फोटो व्हॉट्सॲपवर आले, माल चोर बाजारातला असं सांगितलं गेलं आणि विकणारा वाडगं घेऊन स्वतः दादरला हजर झाला.

बोलायला गोड माणूस. आल्याआल्या खिशातून लोहचुंबक काढलं. "बघा ताई, चिकटतंय? नाही ना? अस्सल कासं!" मग वाडगं माझ्या हातात देऊन, "वजन बघा नुसतं." गोम इथेच आहे. दोन्ही परीक्षा खऱ्याच, पण त्यातून काही कळत नाही. कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण ७८ ला २२. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. चुंबक दोन्हींना चिकटत नाही आणि वजनातला फरक हाताला जाणवत नाही. वाजवून दाखवताना त्याने वाडगं पुरतं तळव्यात धरलं होतं. आवाज बद्द आला, तर म्हणे, "जुनं आहे ना, मुरलंय!" धातू मुरतो हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

काठाखाली एका बाईंचं नाव आणि 'शके १८४२, सन १९२५' असं कोरलेलं. आपल्याकडे लग्नामुंजीतल्या भांड्यांवर नावं घालायची पद्धतच होती, त्यामुळे असं नाव दिसलं की भांडं घरातलं वाटायला लागतं आणि नेमका त्याचाच फायदा घेतला जातो. शकात ७८ मिळवा, म्हणजे इसवी सन येतो; जानेवारी ते पाडव्यापर्यंत ७९. म्हणजे १९२० किंवा फार तर १९२१. आहेराच्या भांड्यावर चार-पाच वर्षांची चूक कोणी कोरून घेत नाही. शिवाय राखेने आणि चिंचेने वर्षानुवर्षं घासलेल्या भांड्यावरची अक्षरं झिजून गुळगुळीत होतात. इथे कडा बोटाला टोचत होत्या, खाचा आतून लख्ख पिवळ्या, आणि बाकी वाडगं काळपट. तो काळपटपणा गरम पाणी आणि साबणाच्या पहिल्याच धुण्यात हाताला लागला.

रविवारी पाहुणे होते. या वाडग्यात काकडीची कोशिंबीर केली. पानं मांडून होईस्तोवर काठाला हिरवट कड आली आणि दही कळकलं. सगळी कोशिंबीर टाकून दिली. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट घातलं की तांबं त्यात उतरतं, मळमळ आणि उलट्या होऊ शकतात. अस्सल काशाला कल्हई लागत नाही, म्हणूनच हा माणूस "कल्हईची गरज नाही" असं बिनधास्त सांगून गेला होता. (काशातही आंबट वाढावं, पण ठेवून देऊ नये.)

वाडगं घेऊन तांबाकाट्याला, मुंबईतल्या भांड्यांच्या बाजारात गेले. तिथल्या एका जुन्या दुकानातल्या काकांनी ते पाच बोटांच्या टोकांवर तोललं आणि पेन्सिलीने टिचकी मारली. टुक्. संपलं. मग फळीवरची काशाची वाटी तशीच धरून वाजवली, तर तिचा नाद मी पर्समधून चष्मा काढेपर्यंत चालूच होता. वाडग्याच्या बुडाला पोचा होता, त्यावर बोट ठेवून म्हणाले, "काशाला कधी पोचा पडतो का? ते आपटलं की तडकतं." बुडाशी कानशीने जरा घासल्यावर आतून पिवळंधमक निघालं. पुढे यंत्रावर टंच, म्हणजे कोणता धातू किती ते, काढून घेतला. तांबं आणि जस्त. कथील जवळजवळ नाहीच.

विकणारा 'शंभर वर्षांच्या वरचं' म्हणत असेल तर त्याला परवाना विचारा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. मी विचारल्यावर आमचे गृहस्थ लगेच "तसं ऐंशी-नव्वद असेल" वर आले. आणि बिल! माझ्या बिलावर 'धातूचे वाडगे, १ नग' एवढंच आहे. 'कासे' हा शब्द, वजन आणि 'वेगळा धातू निघाल्यास पैसे परत' हे वाक्य लिहून घ्या. पैसे रोख देऊ नका. माझ्याकडे यूपीआयची नोंद आणि त्याचे 'शंभर टक्के कासं' म्हणणारे व्हॉट्सॲप संदेश होते, म्हणून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार तरी नोंदवता आली.

तक्रार गेल्यावर त्याचा फोन आला. अर्धे पैसे देतो, पण आधी ते संदेश पुसा आणि तक्रार मागे घ्या, म्हणाला. मी संदेशांची प्रत काढून ठेवली आहे आणि पूर्ण रक्कम मागितली आहे. अजून उत्तर नाही.