तलावाचं पाणी तपासायचं किट, सहा महिने वापरून (४ स्टार, एक स्टार झाकणाचा कापला)

सहा महिने वापरून मग लिहितोय, कारण बाकीचे रिव्ह्यू वाचले तर सगळे 'पॅकिंग छान होतं' छापाचे, अरे पॅकिंग काय पाण्यात बुडवायचंय का. आम्ही ठाण्यात एका तलावाला अगदी लागून राहतो, नाव मुद्दाम टाकत नाही, का ते पुढे कळेल. मासुंद्यासारखं बोटिंग नाही की उपवनसारखी गर्दी नाही, एक विसर्जन घाट, कडेने चालणारे पेन्शनर, सकाळी गळ टाकून बसलेले दोघं-तिघं आणि निर्माल्य कलश, एवढाच संसार.

किट कशाला घेतलं तर गेल्या मे महिन्यात लागोपाठ तीन दिवस सकाळी मासे उलटे तरंगताना दिसले, वास एवढा की खिडक्या बंद. तक्रार केली, तपासायला साहेब आले ते दुपारी २ ला, मीटर पाण्यात घातला, ९ आकडा आला (लिटरमागे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन), "ऑक्सिजन तर भरपूर आहे" म्हणाले आणि गेले. आम्ही पण गप्प, कारण आम्हाला काय कळतंय. ए विंगमध्ये एक रिटायर्ड केमिस्ट्रीचे सर आहेत, ते संध्याकाळी कट्ट्यावर म्हणाले अरे ९ हाच तर प्रॉब्लेम आहे, ३० डिग्रीच्या पाण्यात हवेतून फार तर साडेसातच्या आसपास विरघळतो, वरचा सगळा शेवाळाने उन्हात सोडलेला. आणि तेच हिरवं शेवाळ रात्री स्वतःच ऑक्सिजन ओढतं, तळातला गाळ सडताना ओढतो तो वेगळा, म्हणजे सगळ्यात वाईट वेळ पहाटेची, मासे मरतात पण तेव्हाच. दुपारी २ ला मोजणं म्हणजे पेशंट जेवून ढेकर देत असताना त्याला उपवास आहे का बघणं.

मग चार सोसायट्यांनी मिळून वर्गणी काढली (गणपतीला पाचशे देणारे इथे शंभराला विचार करून सांगतो म्हणाले, असो) आणि हे ३८०० चं किट मागवलं. विरघळलेला ऑक्सिजन म्हणजे डीओ, पीएच, अमोनिया, फॉस्फेट आणि पाण्याचा गढूळपणा बघायची सेक्की डिस्क (दिसेनाशी होईपर्यंत पाण्यात खाली सोडायची थाळी).

डीओची टेस्ट हीच खरी किंमत वसूल आहे. बाटली पाण्याखालीच भरायची, एक बुडबुडा आत राहता कामा नये, मग दोन बाटल्यांमधले थेंब टाकायचे की तपकिरी साका बसतो, साका पांढराच राहिला तर समजायचं ऑक्सिजन नाहीच. मग ॲसिड टाकलं की साका विरघळून पाणी पिवळं, स्टार्च टाकलं की गडद निळं, आणि शेवटचे थेंब मोजत मोजत टाकायचे, रंग गेला की थांबायचं. या किटमध्ये एक थेंब म्हणजे लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम. पहिल्या दिवशी आम्ही सात जण पहाटे पावणेसहाला घाटावर, काकू थर्मासमधून चहा घेऊन, आणि तिसऱ्या थेंबाला रंग गेला. तीन थेंब म्हणजे दीड! प्रदूषण मंडळाच्या हिशोबात माशांसाठी किमान ४ लागतो, आंघोळीसाठी ५. कोणी काही बोललंच नाही दोन मिनिटं. मग रोज त्याच वेळी, त्याच पायरीवरून, आकडा आणि वेळेसकट फोटो, असे पंधरा दिवसांचे पाठवले तेव्हा कुठे पुढचे साहेब सकाळी ७ ला आले.

आता तक्रारी. माहितीपत्रक मुंगीच्या अक्षरात. थेंबाची बाटली सरळ उभी धरायची असते, तिरकी धरली की थेंबाचा साइज बदलतो आणि आकडा चुकतो, हे कुठेही लिहिलेलं नाही, आमचे पहिले चार दिवसांचे आकडे त्यात गेले. स्टार्चला पावसाळ्यात बुरशी आली, फ्रिजमध्ये ठेवा (आणि घरात सांगून ठेवा). ॲसिडच्या बाटलीचं झाकण दुसऱ्याच महिन्यात चिरलं, कस्टमर केअरला फोन केला तर ती मुलगी म्हणते "सर हे अ‍ॅक्वेरियमसाठी आहे, तलावासाठी नाही", म्हणजे घरी काय फिशटँकमध्ये ॲसिड कमी लागतं का. ग्लोव्हज आपले आपण घ्या. आणि वापरलेलं पाणी परत तलावात ओतू नका प्लीज, त्यात विषारी केमिकल असतं, आमच्यातल्या एकाने ओतलं आणि सरांनी त्याला शाळेतल्यासारखं झापलं, आता एका कॅनमध्ये साठवतो. सेक्की डिस्क पातळ प्लास्टिकची, बुडतच नाही, खाली नट-बोल्ट बांधले तेव्हा गेली. ही कल्पना १८६५ ची, सेक्की नावाच्या पाद्र्याने पोपच्या जहाजावरून पांढरी थाळी सोडून बघितली होती, तेव्हा आपणही पिंपाचं झाकण रंगवून घेतलं तरी चालेल. आमच्याकडे थाळी २५ सेंटीमीटरला गायब.

फॉस्फेट टेस्ट मला आधी फालतू वाटली होती. दिवाळीनंतर एका रविवारी पाच ठिकाणचं पाणी घेतलं, चार फिकट निळ्या आणि पाचवी बाटली शाईसारखी (जितकं निळं तितकं फॉस्फेट जास्त, आणि फॉस्फेट म्हणजे शेवाळाचं खत). ती जागा पावसाळी पाइपच्या तोंडाची. पाऊस महिन्यापूर्वी संपलेला आणि पाइप वाहतोय, तोही फेसासकट! आम्ही समोरच्या चाळीवर संशय घेऊन अगदी पत्राचा मसुदा तयार केला होता, मग प्लंबरला घेऊन एकेक चेंबर उघडत मागे गेलो तर पोचलो कुठे, आमच्याच बी विंगला. ड्राय बाल्कनीतल्या वॉशिंग मशिनचे आउटलेट लोकांनी गच्चीच्या पावसाच्या पाण्याच्या पाइपला जोडलेले, ११ फ्लॅटचे, म्हणजे सगळं साबणाचं पाणी थेट तलावात. त्यात ट्रॅकवर सगळ्यात जास्त लेक्चर देणारे आमचे सेक्रेटरी काका पण. नाव का टाकलं नाही ते आता कळलं असेल. मीटिंगमध्ये एक वहिनी म्हणाल्या "मग आम्ही कपडे धुवायचेच नाहीत का?", धुवा हो, पाइप तेवढा बदला. आठ जणांनी बदलला, तिघं 'बघू' वर आहेत.

आता पहाटेचा आकडा साडेतीन मिलिग्रॅमपर्यंत येतो. सर लगेच म्हणतात फार नाचू नका, थंडीत पाण्यात ऑक्सिजन तसाही जास्त विरघळतो आणि शेवाळही कमी, खरं काय ते मे महिन्यात दिसेल. बरोबरच आहे त्यांचं, त्यांच्या शेजारी बसून आनंद साजरा करता येत नाही एवढंच.

घ्यायचं का? चार-पाच घरांनी मिळून घेणार असाल आणि पहाटे उठणारा एक तरी माणूस असेल तर नक्की घ्या. एकट्याने घेऊ नका, कपाटात पडून राहील. आमचे डीओचे थेंब संपत आलेत, रिफिल ८५० ला आहे, ती मागवायची आहे पण बी विंगच्या त्या तीन बिऱ्हाडांकडे वर्गणी मागायला कोण जाणार यावर ग्रुपवर कालपासून शांतता आहे.