गच्ची की वाहनतळ? सार्वजनिक इमारतींसाठी सौर पॅनेलची जागा ठरवताना

सार्वजनिक इमारतींचे वीजबिल कमी करण्यासाठी सौर पॅनेल बसवायचे, एवढे ठरल्यानंतर शहर प्रशासनापुढे जागेचा प्रश्न उभा राहतो आणि तो पहिल्या निर्णयापेक्षा अवघड असतो. इमारतीची गच्ची, इमारतीसमोरचे वाहनतळ आणि शहराबाहेरची मोकळी जमीन अशा तीन जागा साधारणपणे हाताशी असतात. यांपैकी वाहनतळावर खांब उभारून त्यावर पॅनेलचे छत घालण्याची पद्धत, म्हणजे सोलर कारपोर्ट, सध्या अनेक शहरांना आकर्षक वाटते, कारण त्यात वीज मिळते, गाड्यांना सावली मिळते आणि केलेले काम येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसते. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. इमारतीची गच्ची धड असेल तर पहिला मान गच्चीचा आहे. ती अपुरी किंवा अयोग्य ठरली, तर कारपोर्ट हा खर्चिक असूनही समर्थनीय पर्याय आहे. केवळ काम दिसते म्हणून वाहनतळ निवडणे हा सार्वजनिक पैशाचा चांगला वापर नव्हे.

खर्चातला फरक कोठून येतो, हे आधी समजून घ्यावे लागते. पॅनेल, इन्व्हर्टर (पॅनेलची वीज इमारतीत वापरण्याजोगी करणारे यंत्र) आणि केबल गच्ची व वाहनतळ या दोन्ही ठिकाणी जवळपास सारखेच असतात. फरक पडतो तो त्यांना उचलून धरणाऱ्या सांगाड्यात. गच्चीवर हा भार इमारत पेलते. वाहनतळावर मात्र पायापासून सगळे नव्याने उभारावे लागते, आणि तेथील पायाचे काम केवळ वजन पेलण्याचे नसते. चारही बाजूंनी उघड्या असलेल्या छताखाली वारा शिरला की तो छताला वर उचलू पाहतो, त्यामुळे हा पाया छताला जमिनीशी धरून ठेवील इतका खोल आणि जड करावा लागतो. खांब गाड्यांच्या दोन रांगांच्या मधोमध घेता आले, तर एका खांबावर दोन्ही बाजूंचे छत तोलले जाते आणि पोलाद कमी लागते. एकाच रांगेवर पुढे झेपावणारे छत करायचे असेल, तर पायावर येणारा ताण वाढतो आणि त्याबरोबर खर्चही. याशिवाय डांबरी पृष्ठभाग फोडावा लागतो, वाहनतळ टप्प्याटप्प्याने बंद ठेवावे लागते, खांबांना गाडीची धडक बसू नये म्हणून त्यांचा खालचा भाग काँक्रीटने उंच करावा लागतो आणि अग्निशमन गाडीच्या वाटेवर छताची उंची वाढवावी लागते.

जमिनीखाली काय आहे, हा यातला सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न आहे. जुन्या सार्वजनिक इमारतींच्या आवारात पाण्याच्या, सांडपाण्याच्या आणि विजेच्या वाहिन्या कोठून गेल्या आहेत, याचे नकाशे पुष्कळदा अपुरे असतात. खांबांच्या जागा ठरवून खोदकाम सुरू झाल्यावर वाहिनी सापडली, तर खांब सरकवावा लागतो. खांब सरकला की तुळईची लांबी बदलते आणि मंजूर झालेले आराखडे पुन्हा तपासावे लागतात. म्हणून भूमिगत सर्वेक्षण निविदेपूर्वी, प्रशासनाच्या स्वतःच्या खर्चाने करून घ्यावे. ते ठेकेदारावर सोडल्यास, तो अनिश्चिततेची किंमत दरात मिळवून मोकळा होतो.

या सगळ्यामुळे कारपोर्टचा प्रति किलोवॉट खर्च गच्चीपेक्षा स्पष्टपणे जास्त येतो. आराखडा, परवानग्या, सर्वेक्षण आणि केबलचा चर यांवरचा खर्च आकाराच्या प्रमाणात घटत नाही, म्हणून दहा-बारा गाड्यांपुरता लहान कारपोर्ट तर सर्वांत महाग पडतो. प्रात्यक्षिक म्हणून असा लहान कारपोर्ट उभारणाऱ्या शहरांना त्यातून बचतीचा अंदाज मिळत नाही, उलट मोठ्या प्रकल्पाविषयी चुकीचे मत तयार होते.

मग गच्ची नेहमीच स्वस्त पडते का? कागदावर ती तशी दिसते, पण तिचे काही खर्च उशिरा समोर येतात. पॅनेल 25 ते 30 वर्षे टिकतात, तर सपाट गच्चीचे वॉटरप्रूफिंग बहुधा 15 ते 20 वर्षांत नव्याने करावे लागते. वॉटरप्रूफिंगची अर्धी वर्षे उलटून गेलेली असताना त्यावर पॅनेल बसवले, तर मध्येच ते सगळे उतरवून, गळती दुरुस्त करून पुन्हा चढवावे लागतात आणि त्या काळात वीजनिर्मितीही बंद राहते. त्यामुळे वॉटरप्रूफिंग आणि पॅनेल ही कामे एकत्र करणे शहाणपणाचे ठरते. दुसरा प्रश्न भाराचा. छिद्रे न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांनी दाबून ठेवलेली मांडणी गळती टाळते खरी, पण ते वजन जुन्या स्लॅबला पेलेल की नाही, हे संरचना अभियंत्याच्या तपासणीशिवाय कोणीही सांगू नये. पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, वातानुकूलनाची यंत्रे आणि कठड्यांच्या सावल्या वजा केल्या, की वापरता येणारी गच्ची मोजलेल्या क्षेत्रफळापेक्षा बरीच लहान निघते. ज्या इमारतीवर आणखी मजला चढवण्याचा प्रस्ताव आहे, तिची गच्ची तर विचारातच घेऊ नये.

मजल्यांचा मुद्दा निर्णायक ठरू शकतो. इमारतीचे मजले वाढतात तसा तिचा वीजवापर वाढतो, गच्ची मात्र तेवढीच राहते. एकमजली ग्रंथालयाची गच्ची त्याच्या दिवसाच्या गरजेचा मोठा वाटा उचलू शकते. सहा मजली रुग्णालयाची गच्ची पूर्ण भरली तरी बिलावर फारसा परिणाम दिसत नाही. अशा ठिकाणी वाहनतळ कामाला येते.

त्याचा हिशेब कोणालाही मांडता येईल. एका गाडीची जागा अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब धरली, तर 100 गाड्यांसाठी 1,250 चौरस मीटर छत मिळते. आजचे पॅनेल दर चौरस मीटरला 200 वॉटपेक्षा थोडी अधिक क्षमता देतात. फटी आणि कडा वजा करून गाडीमागे सुमारे दोन किलोवॉट, म्हणजे एकूण 200 किलोवॉट धरणे सुरक्षित आहे. प्रत्येक किलोवॉटमागे वर्षाला 1,300 युनिट मिळतील असा प्रदेश असेल, तर हे वाहनतळ वर्षाला 2,60,000 युनिट देईल. अमेरिकेतील सिनसिनाटी प्राणिसंग्रहालयाच्या वाहनतळावर 2011 मध्ये उभारलेला प्रकल्प पडताळणीसाठी उपयोगी आहे: सुमारे 800 गाड्यांच्या जागांवर 6,400 पॅनेल आणि 1.56 मेगावॉट क्षमता. म्हणजे गाडीमागे सुमारे दोन किलोवॉट, आणि तेही प्रत्येक पॅनेल 250 वॉटच्या आत असताना. पॅनेलची कार्यक्षमता त्यानंतर बरीच वाढली आहे, त्यामुळे वरचा अंदाज फुगवलेला नाही.

प्रति किलोवॉट निर्मितीत दोन जागांमधला फरक विक्रेते सांगतात तेवढा नसतो. पॅनेलची क्षमता 25 अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली असते आणि त्यावरच्या प्रत्येक अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के उत्पादन घटते, म्हणून खालून वारा खेळणारा कारपोर्ट फायद्यात राहतो. पण गच्चीवर चौकटी उभ्या करून तिरके बसवलेले पॅनेलही असेच थंड राहतात. तोटा होतो तो छताला चिकटून बसवलेल्या पॅनेलचा. उलट कारपोर्टचा उतार सहसा पाच ते दहा अंशांचाच ठेवला जातो. इतक्या कमी उतारावर पाऊस पडला तरी धूळ पूर्ण वाहून जात नाही, ती खालच्या चौकटीपाशी पट्ट्यासारखी साचते आणि नेमकी सेलच्या, म्हणजे पॅनेलमधल्या वीज तयार करणाऱ्या चकत्यांच्या, खालच्या ओळीवर सावली धरते. ही धूळ काढायची तर खालच्या गाड्या हलवाव्या लागतात, म्हणून सफाईचे वेळापत्रक वाहनतळाच्या वापराशी जुळवून करारातच लिहून घ्यावे. पावसाचे पाणी हाही करारातच स्पष्ट व्हावा असा विषय आहे. छताखाली पाणी गळणार नाही असे नागरिक गृहीत धरतात, पण दोन पॅनेलमधल्या फटी बंद करणे आणि पन्हळी लावणे हे वेगळे काम असून त्याचा खर्चही वेगळा असतो.

झाडांबाबत मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही. वाहनतळावर वाढलेली, पुरेशी सावली देणारी झाडे असतील, तर ती तोडून पॅनेल लावणे चुकीचे आहे. फ्रान्सने 2023 मध्ये 1,500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या वाहनतळांचा किमान अर्धा भाग सौर छताखाली आणण्याचा कायदा केला, तेव्हा ज्या वाहनतळांच्या निम्म्या क्षेत्रावर झाडांची सावली आहे, त्यांना त्यातून सूट ठेवली. आपला निकष यापेक्षा सैल असण्याचे कारण नाही.

आता बचतीकडे वळू, कारण निर्माण झालेले प्रत्येक युनिट सारखी बचत करत नाही. आठवड्यातून पाच दिवस चालणारे कार्यालय वर्षातल्या 365 पैकी 104 दिवस बंद असते, म्हणजे त्याच्या आवारातील निर्मितीचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग सुट्टीच्या दिवशी होतो. नेट मीटरिंगची, म्हणजे जादा वीज वितरण कंपनीला देऊन ती बिलातून वजा करून घेण्याची, सोय असेल तर हे युनिट पुढच्या बिलात वळते होतात; ती नसेल, तर ते कमी दराने विकले जातात किंवा वायाच जातात. रुग्णालय, जलशुद्धीकरण केंद्र आणि पंपघर मात्र रोज चालतात. त्यामुळे मुख्यालयासमोरचे दर्शनी वाहनतळ निवडण्याआधी रुग्णालयाच्या वाहनतळाचा हिशेब करून पाहावा. बिलात मागणी आकार, म्हणजे इमारतीने एका वेळी घेतलेल्या सर्वाधिक विजेवरचे शुल्क, वेगळा लावला जात असेल, तर इमारतीची सर्वोच्च मागणी कोणत्या वेळी येते हेही पाहावे. ती दुपारी येत असेल तर सौरऊर्जेने थोडी कमी होऊ शकते, पण एखादी ढगाळ दुपारही ती बचत पुसून टाकते. म्हणून मागणी आकारातील बचत आर्थिक अंदाजात पूर्ण धरू नये.

विजेवरच्या गाड्यांचे चार्जिंग कारपोर्टशी जोडण्याची कल्पना चांगली आहे, मात्र तिचा हिशेब वेगळा ठेवावा. सात किलोवॉटच्या एका चार्जरला भर उन्हातही तीन ते चार जागांवरचे पॅनेल लागतात. चार्जिंगचा वापर वाढला तर इमारतीचे बिल कमी होण्याऐवजी वाढलेलेही दिसेल, आणि वेगळा मीटर नसेल तर ही वाढ कशामुळे झाली हे कोणालाच सांगता येणार नाही. आज चार्जर घ्यायचे नसले, तरी केबलसाठीच्या रिकाम्या नळ्या पायाच्या कामाबरोबरच टाकून घ्याव्यात.

शहराबाहेरच्या जमिनीवरील प्रकल्पात प्रति युनिट निर्मितीखर्च बहुधा सर्वांत कमी असतो. ती वीज इमारतीपर्यंत आणताना मात्र वहन आकार (दुसऱ्याच्या तारांमधून वीज आणण्याचे शुल्क) आणि वितरण कंपनीच्या अटी आड येतात, तर आवारातली वीज थेट इमारतीच्या मुख्य वीजफलकाला जोडली जाते. शहराकडे पडीक जमीन असेल आणि पंपघरांसारखा मोठा भार असेल, तर हा पर्याय अवश्य तपासावा. दोन-तीन कार्यालयांसाठी त्यात शिरू नये.

शेवटचा निर्णय मालकीचा आहे. प्रशासनाने स्वतःचे भांडवल घातले, तर सगळी बचत त्याच्याकडे राहते, पण साधारण 10 ते 15 वर्षांनी इन्व्हर्टर बदलण्यासाठी निधी राखून ठेवावा लागतो आणि देखभाल सांभाळणारी माणसे लागतात. खासगी कंपनीने प्रकल्प उभारून ठरलेल्या दराने वीज विकली, तर सुरुवातीचा खर्च टळतो, मात्र दीर्घ मुदतीची बांधिलकी येते. कारपोर्टच्या बाबतीत ही बांधिलकी गच्चीपेक्षा जड असते, कारण त्या जमिनीवर दुसरे काही बांधायचे झाल्यास पायासह सगळा सांगाडा हलवावा लागतो. म्हणून अशा करारात प्रशासनाला प्रकल्प मुदतीआधी विकत घ्यायचा झाल्यास त्याची वर्षवार खरेदी-किंमत, वार्षिक दरवाढीची मर्यादा, किमान निर्मितीची हमी आणि ती चुकल्यास भरपाई यांबरोबरच, मुदत संपल्यावर पाया कोण काढणार आणि डांबरीकरण कोण पूर्ववत करणार, याचे कलम असल्याशिवाय सही करू नये.