घरच्या रेकॉर्डिंगसाठी पहिला माइक: कंडेन्सर की डायनॅमिक?

स्टुडिओच्या फोटोंत दिसतो म्हणून नवशिके बहुधा कंडेन्सर, म्हणजे बारीक आवाजही टिपणारा माइक, घेतात. माझं मत वेगळं आहे. गायचं असेल आणि खोलीत उघडी फरशी, मोकळ्या भिंती असतील, तर आधी डायनॅमिक, म्हणजे त्याहून कमी संवेदनशील माइक, घ्या.

कंडेन्सरमधला, आवाजाने थरथरणारा पडदा अतिशय हलका. तंबोऱ्याची जवारी, सतारीवर मिजराबीचा आघात, शब्दामागचा श्वास तो सुरेख टिपतो. पण पंखा, रस्त्यावरचे हॉर्न आणि भिंतींवरून परतणारा आवाजही तितक्याच तत्परतेने टिपतो. ८० हर्ट्झखालची घरघर मिक्सिंगमध्ये फिल्टरने कापता येते. स्वरात मिसळलेला खोलीचा घुमारा वेगळा काढणं मात्र फार अवघड. शिवाय कंडेन्सरला ४८ व्होल्ट फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच मिळणारी वीज, लागते.

डायनॅमिकचं उत्तम उदाहरण म्हणजे १९६६ पासून चालत आलेला शुअर एसएम५८. चार-पाच बोटांवरून गायलात की गळा पुढे येतो, खोली मागे राहते. इतक्या जवळून खर्ज थोडा फुगतो, तो इक्वलायझरने उतरवा. गेन, म्हणजे माइकचा सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, मात्र जास्त द्यावा लागतो, आणि स्वस्त इंटरफेसमध्ये (माइक संगणकाला जोडणाऱ्या उपकरणात) तिथेच खरखर सुरू होते.

सतार किंवा तंबोराच रेकॉर्ड करायचा असेल, तर बिनधास्त कंडेन्सर घ्या. जाड पडदे लावा, गाद्या उभ्या करा, पंखा बंद ठेवा. माइक कोणताही असो, रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये २४ बिट निवडा आणि सर्वांत मोठा स्वर मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा.