पिठलं-भाकरी की वरणफळं?

परभणीला नोकरी करणारी माझी भाची संध्याकाळी 7 ला घरी येते. तिचा प्रश्न एकच : "मावशी, रात्रीला पिठलं-भाकरी करू का वरणफळं?"

पिठलं 10 मिनिटांचं. लसूण-मिरचीची फोडणी, वाटीभर बेसनाला तीनेक वाट्या पाणी, झालं. वेळ खाते ती भाकरी. चौघांच्या सात-आठ भाकरी म्हणजे अर्धा तास तव्यापुढून हलायचं नाही. त्यात ज्वारीचं पीठ जुनं असलं की चिकटपणा जातो, भाकरी थापतानाच तुटते.

वरणफळांना पाऊण तास लागतो, पण तूरडाळ कुकरला लावली की कणीक मळता मळता मुलांचा अभ्यासही घेता येतो. पोळी लाटून, शंकरपाळ्यासारखी कापून उकळत्या वरणात सोडायची. एकेक सोड गं, नाहीतर गोळा होतो. माझा झालाय.

खर्च दोन्हींचा किरकोळ. उरलेली भाकरी सकाळी कुस्करून फोडणीला टाकता येते. वरणफळं रात्रभरात आळून घट्ट होतात.

भाकरीवर हात बसलेला असेल, किंवा सासूबाई तवा सांभाळत असतील, तर पिठलं. एकटीनंच सगळं उरकायचं आणि लेकरं लहान, तर वरणफळं, वर तुपाची धार.